खुंटा झालेली फुंकणी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी फुंकणी आहे. मात्र गेली नऊ वर्षे मला सर्वजण खुंटा म्हणतात. सौंदडजवळच्या एका लहान गावात, सेवकराम नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात, माझा निम्म्याहून अधिक भाग जमिनीत पुरलेला आहे. वर जो वीतभर भाग उरला आहे, त्याला एक वासरू बांधलेले असते. माझे अरुंद टोक खाली मातीत आहे आणि रुंद तोंड वर उघडे आहे. ज्या नळीचे एक टोक बंद झाले, तिच्यातून हवा आरपार जात नाही. त्यामुळे फुंकणी म्हणून माझे काम संपले, हे मान्य करण्यात मला काही संकोच वाटत नाही.

माझी हकीकत सांगण्यापूर्वी एक मर्यादा स्पष्ट करते. श्वसनाचा अर्धाच भाग माझ्या अनुभवाचा आहे. माणूस माझ्यातून फुंकतो, पण श्वास घेताना तोंड बाजूला करतो. नाहीतर त्याच्या घशात धूर आणि राख जाईल. म्हणून माणसे हवा आत कशी घेतात, याविषयी मी काहीही खात्रीने सांगू शकत नाही. ती बाहेर कशी सोडतात, हे मात्र मी जवळजवळ तीस वर्षे फार जवळून अनुभवले आहे.

सौंदडला आगगाडीचे स्टेशन झाले, त्या सुमारास तेथे इंजिनांना पाणी भरण्यासाठी एक टाकी उभारण्यात आली. टाकीचे नळ जोडताना हातभर लांबीचा एक तुकडा उरला. तो तुकडा म्हणजे मी. गावच्या लोहाराने मला उचलून आणले, माझे एक टोक भट्टीत लाल केले आणि ठोकून इतके अरुंद केले की त्यातून तुरीचा एक दाणा जेमतेम जावा. रुंद तोंडातून आत आलेली हवा अरुंद छिद्रातून बाहेर पडताना वेगाने पडते. एवढेच माझे कौशल्य, आणि तेही माझे स्वतःचे नव्हे.

सेवकराम कोहळी समाजाचे. या समाजाने आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले आणि त्यांच्या पाण्यावर धान पिकवले. सेवकराम बांधकामातले जाणते होते. तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, कोठे झिरपते, हे ते अनवाणी चालून ओळखीत. त्यांचे नुकतेच लग्न झाले होते. लोहाराने त्यांना मला दाखवीत म्हटले, "बांबूची फुंकनी जरते बापा, वर्षावर्षाले बदला लागते. हे तुमच्या नातवाले पुरंल."

सेवकरामांनी मला घरी आणून चुलीजवळ ठेवले आणि पत्नीला म्हटले, "घे. आता तोंड जरनार नाही तुहं."

पत्नीचे नाव शामकला. ती ओल्या लाकडांच्या धुरात बसली होती. वर न पाहता तिने उत्तर दिले, "तोंड नाही जरून राहिलं माहं, डोरे जरून राहिले. डोऱ्याची फुंकनी भेटत असंल त आन."

सेवकराम हसले आणि पाळीकडे निघून गेले. ते बहुधा तिकडेच असत. घरात सासू नव्हती, जाऊ नव्हती, नणंद लग्न होऊन गेली होती. शामकलेला दिवसभर बोलायला कोणी नव्हते. मलाही नव्हते. तिने मनातल्या मनात म्हटलेली वाक्ये माझ्या वाट्याला आली नाहीत. त्या वाक्यांच्या जागी सोडलेली हवा आली. आमची ओळख अशी झाली.

हवा बाहेर सोडण्याला माणसांनी किती तरी शब्द केले आहेत. ते सर्व एकाच अर्थाचे आहेत, असे कोणी म्हणत असेल तर त्याने एक महिना चुलीजवळ पडून पाहावे. फुंक मारतात. फुंक दिवा विझवते आणि तीच फुंक निखाऱ्यावर पडली तर निखारा फुलतो. एका कृतीची ही दोन विरुद्ध फळे आहेत, पण फरक फुंकेत नसतो. तो समोरच्या वस्तूत असतो. ज्योत वातीपासून दूर ढकलली जाते, निखारा जागचा हलत नाही. फुंकर मारीत नाहीत, ती घालतात. ती गरम पेजेवर घालतात, भाजलेल्या बोटावर घालतात, लेकराच्या डोळ्यांत गेलेल्या कुसळावर घालतात. तिला जोर लागत नाही, अंदाज लागतो. माझ्यातून हजारो फुंका गेल्या. फुंकर एकही गेली नाही, कारण फुंकरीला नळी लागत नाही.

सुस्कारा सोडतात. तो कामाच्या मधोमध येतो, आखूड असतो, आणि ज्याने सोडला त्याच्याही तो लक्षात राहत नाही. उसासा टाकतात. उसासा सरळ बाहेर येत नाही. मध्ये कोठेतरी अडखळतो, थरथरतो आणि दोन तुकड्यांत बाहेर पडतो. सुटकेचा निःश्वासही टाकतातच, पण तो एकसंध असतो. खांद्यांपासून खाली उतरल्यासारखा सावकाश येतो आणि संपतानाही तुटत नाही. उच्छ्वास हा शब्द आमच्या घरात कोणी वापरीत नसे. तो वैद्यांच्या पोथीतला. आणि माणूस मेला की 'प्राण सोडला' म्हणतात. तेथेही माणूस काहीतरी सोडतोच, घेत नाही.

शामकलेचे सुस्कारे मी इतके झेलले की लाकूड ओले आहे की तिचा दिवस वाईट गेला आहे, हे मला वेगळे सांगता येत असे. उसासे त्या काळात फार थोडे होते.

वर्षे गेली. तिला सुशिला नावाची मुलगी झाली. ती मोठी झाली, तिचे लग्न चोरखमारा गावाकडच्या एका घरी झाले, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी आली. येथून माझ्या आयुष्यातील ती गोष्ट सुरू होते, जिच्यामुळे मी आज खुंटा आहे.

रोवणीचे, म्हणजे धानाची रोपे लावण्याचे, दिवस होते. गावातील बहुतेक बायका शेतात होत्या. दुपारी सुशिलेच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि धुरपता सुईणीला बोलावणे गेले. धुरपता आमच्या पंचक्रोशीतील जाणती सुईण होती. आडवे आलेले मूल बाहेरून चोळून सरळ करताना मी तिला पुढे एकदा पाहिले आहे; तिच्या हातांविषयी मला आदर आहे. मूल जन्मले. मुलगा होता. पण तो रडला नाही, हलला नाही आणि त्याची छातीही वरखाली झाली नाही.

अशा वेळी आमच्या भागात एक रीत होती. आईच्या पोटात बाळाला पोसणारा जो मांसल भाग असतो, त्याला वार म्हणतात. बाळामागून ती बाहेर येते आणि नाळेने बाळाला जोडलेली असते. बाळाचा जीव वारेत अडकून राहतो, असा समज होता. म्हणून नाळ न तोडता वार निखाऱ्याजवळ शेकायची. ऊब लागली की जीव नाळेतून बाळाकडे सरकतो आणि बाळ रडते. निखारा जितका लाल, तितका जीव लवकर सरकतो.

धुरपता म्हणाली, "इस्तो आन वो शामकला. आन फुंक. थांबू नको."

शामकलेने खापरात निखारे आणले, माझे तोंड ओठांना लावले आणि ती फुंकू लागली. तितक्या जोराने तिने मला पूर्वी कधी फुंकले नव्हते. माझे लोखंड टोकापासून निम्म्यापर्यंत तापले. तिच्या घामाने माझे तोंड निसटू लागले, तेव्हा तिने मला पदराने धरले. निखारे पांढरट लाल झाले. दोन हात अंतरावर मूल पडून होते. त्या खोलीत जेवढी हवा बाहेर सोडली जात होती, ती जवळजवळ सगळी माझ्यातून जात होती.

बराच वेळ गेल्यावर धुरपताने हात थांबवले. ती म्हणाली, "आच कमी पडली."

ती हे वाईट हेतूने म्हणाली नाही. तिला जे ठाऊक होते त्याप्रमाणे तिने निष्कर्ष काढला. पण शामकलेने तो निष्कर्ष स्वतःच्या छातीवर घेतला.

मुलाला पाळीच्या पलीकडे पुरले. त्या संध्याकाळी शामकलेने चूल पेटवली, मला उचलले आणि तिच्यातून एक खोल उसासा आला. तो कोठे अडखळला, हे मला आजही सांगता येईल. सेवकराम ओसरीवर बसले होते. ती आतूनच म्हणाली, "माहीच फुंक कमी पडली."

"कायले असं बोलतेस?" सेवकराम म्हणाले. "आपलं नव्हतं ते गेलं."

"अजून जोरानं फुंका लागत होतं."

सुशिला महिनाभराने सासरी गेली. निघताना ती आईच्या गळ्यात पडली नाही, हे मी कोपऱ्यातून पाहिले. त्यानंतर घरात दोन माणसे उरली, पण बोलणे एकाचेही उरले नाही. शामकला गरजेपेक्षा अधिक जोराने फुंकू लागली. पेज करपू लागली. रिकाम्या दुपारी, चुलीत काहीही शिजत नसताना, ती थंड राखेत माझे टोक धरून एकटीच फुंकत बसे, जणू आपला दम किती आहे ते मोजत असावी. दम भरपूर होता. मला त्याची साक्ष देता आली असती, पण मला विचारणारे कोणी नव्हते.

मित्रांनो, मी येथे एक गोष्ट नीट सांगते, म्हणजे गैरसमज होणार नाही. ते मूल दुसऱ्या उपायाने वाचलेच असते, असे मी म्हणत नाही. एकदा घडलेल्या गोष्टीवरून नियम काढता येत नाही. मी एवढेच म्हणते की, त्या दिवशी त्याच्यावर तो दुसरा उपाय कोणी करून पाहिला नाही.

दुसरा उपाय शामकलेला दिसला तो दीड वर्षाने, आणि तोही गोठ्यात. मार्गशीर्षातली सकाळ होती. खळ्यावर धानाची मळणी चालली होती. मंगरू नावाचा गुराखी धावत आला आणि म्हणाला, "काकी, गाय व्याली. वासरू दम नाही घेऊन राहिलं."

शामकला चुलीपाशी होती. मी हातात असतानाच ती उठली आणि गोठ्यात गेली. वासरू ओले, निपचित पडले होते. मंगरूने बोटांनी त्याच्या नाकातोंडातला चिकट द्रव काढला, एका हाताने त्याचे तोंड मिटून धरले आणि त्याच्या नाकपुडीला स्वतःचे तोंड लावून हलकेच फुंकले. थांबला. पुन्हा फुंकले. वासराची बरगडी उचलली गेली आणि खाली बसली. पाचव्या-सहाव्या वेळी वासरू शिंकले आणि त्याने मान झटकली.

मंगरूने तोंड पुसले. तो थुंकला आणि हसत म्हणाला, "हे आता मले बाप म्हनंल."

शामकला हसली नाही. तिने विचारले, "तू वार नाही शेकली?"

"गाईची वार पडाले सांज होते, काकी. तवरिक वासरू काय वाट पाहात बसंल?"

तिने वासराच्या बरगडीवर हात ठेवला. मग म्हणाली, "मानसाच्या पोराले काऊन नाही करत असं?"

"ते दाईले पुसा. मी त जनावराचा मानूस आहो."

शामकला चुलीकडे परत आली. पेज उतू जात होती, तिकडे तिचे लक्ष गेले नाही. तिने मला मांडीवर आडवे ठेवले आणि माझ्या दोन तोंडांकडे ती आळीपाळीने पाहत राहिली. मग तिने आपला तळहात माझ्या अरुंद टोकासमोर धरून फुंकले. नंतर मला बाजूला ठेवून तोच तळहात ओठांसमोर धरला आणि फुंकले. कोणत्याही शाळेत न गेलेल्या बाईने केलेला तो प्रयोग होता. हवा तीच होती. फक्त तिची जागा बदलता येत होती. माणूस जी हवा बाहेर सोडतो, तिच्यातला प्राणवायू सगळा संपलेला नसतो. सुमारे पाऊण हिस्सा तसाच शिल्लक असतो. म्हणूनच तिच्यावर निखारा फुलतो. हे आकडे शामकलेला माहीत नव्हते. तिला वासरू माहीत होते.

त्या दिवशी तिने टाकलेला उसासा सर्वांत लांब होता. आपली फुंक कमी पडली नव्हती, हे तिला कळले होते. ती कोठे गेली, हेही कळले होते.

फाल्गुनात सुशिला दुसऱ्या बाळंतपणासाठी आली. खरे तर रीत पहिल्याच खेपेची. पण शामकलेने सेवकरामांना पाठवून तिला हट्टाने आणवले. सुशिला येऊन ओसरीवर बसली आणि आईला म्हणाली, "माय, मले भेव वाटून राहिलं."

शामकला म्हणाली, "मलेबी." एवढेच. तिने खोटा धीर दिला नाही.

मूल सकाळी जन्मले, उन्हे अंगणात उतरल्यानंतर. या वेळी मुलगी होती. तीही रडली नाही.

धुरपता म्हणाली, "इस्तो आन. आन या बारीले जोरानं फुंक बाई, मागच्यासारकं करू नको."

हा टोमणा शामकलेने ऐकला. निखारे तिने आधीच तयार ठेवले होते. रीत मोडण्याचे धैर्य तिला अजून पूर्णपणे आलेले नसावे. वार बाहेर आली होती. धुरपताने ती खापराजवळ सरकवली. शामकलेने मला ओठांना लावले आणि एक फुंक मारली. दुसरी फुंक अर्ध्यावर थांबली. उरलेली हवा तिने तोंडातच धरून ठेवली आणि मला जमिनीवर ठेवले. मी घरंगळत भिंतीपाशी गेले. माझ्या आयुष्यातील सर्वांत उपयोगी क्षण तोच होता, आणि त्या क्षणी मी कोणाच्याही हातात नव्हते.

"कायले थांबली?" धुरपता म्हणाली.

"आच तू पाह्य. पोरीले मी पाहतो."

तिने बोटाला स्वच्छ चिंधी गुंडाळून मुलीच्या तोंडातला चिकट द्रव काढला. मग तिचे नाक आणि तोंड दोन्ही आपल्या ओठांखाली घेतले आणि गालांत मावेल एवढीच हवा हलकेच सोडली. ती फुंक नव्हती, फुंकर होती.

"काय करून राहिली तू? विटाळाचं आहे ते. तोंड लावत असते का कोनी?"

शामकला मान वर करून म्हणाली, "वासरालेबी विटाळ होता," आणि पुन्हा वाकली.

मी मोजले. सात वेळा काही झाले नाही. आठव्या वेळी छाती हलली, पण ती आजीच्या हवेने हलली की स्वतःच्या, हे मला दुरून सांगता आले नाही. अकराव्या वेळी मुलीने ओठ वाकडे केले आणि आवाज केला. तो आवाज रडण्यापेक्षा तक्रारीसारखा होता. दुसरा आवाज मात्र निःसंशय रडण्याचा होता.

बाजेवरून सुशिलेने विचारले, "माय, रडलं ना?"

"हव. ऐकून घे," शामकला म्हणाली.

आता एक विचित्र गोष्ट घडली. त्या खोलीत एकाच वेळी दोन उपाय झाले होते. वार निखाऱ्याजवळ होती आणि शामकलेचे तोंड मुलीच्या तोंडावर होते. नाळ न तोडण्याचाही काही उपयोग झाला असेल. मी तो नाकारीत नाही. पण अंगणात थांबलेल्या बायकांना आतले काही दिसले नव्हते. त्यांनी 'फुंक' हा शब्द ऐकला, मग रडणे ऐकले. आणि दार उघडल्यावर त्यांना लाल निखारे आणि भिंतीपाशी पडलेली मी दिसले. त्यांनी दोन आणि दोन मिळवून पाच केले. संध्याकाळपर्यंत गावभर झाले की, शामकलेच्या घरची फुंकणी गुणाची आहे.

मला हळद-कुंकू लागले. चुलीजवळची माझी जागा बदलून मला देवळीत ठेवण्यात आले. लोहाने हुरळून जाऊ नये, पण खोटे बोलायचे नाही म्हणून सांगते: मला बरे वाटले. इतकी वर्षे राखेत पडलेल्या वस्तूला कोणी हात जोडले की तिची निरीक्षणशक्ती थोडी कमी होते.

बायका मला मागून नेऊ लागल्या. शामकला प्रत्येकीला सांगे, "फुंकनीनं काही नाही केलं. पोरीच्या तोंडात तोंडानं फुंकलं मी." बायका मान डोलवीत आणि म्हणत, "ते त खरंच आहे, बाई. पन फुंकनी दे." पहिल्या तीन घरी निखारे लाल होण्याआधीच मूल रडले. तिन्ही वेळी श्रेय मला मिळाले. मी काही केले नव्हते, हे फक्त मला आणि शामकलेला माहीत होते.

चौथे घर नंदाबाईंचे होते. नंदाबाई आमच्या शेजारीण. त्यांच्या सुनेचे दिवस भरले, तेव्हा शामकला सुशिलेला सासरी पोहोचवायला चोरखमाऱ्याकडे गेली होती. नंदाबाईंनी सेवकरामांकडून मला मागून नेले. मूल जन्मले आणि रडले नाही. मग तेच सर्व पुन्हा झाले. खापर, निखारे, पदर, घाम. या वेळी फुंकणाऱ्या नंदाबाई होत्या. त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता, म्हणून त्या मला सोडून दुसरीकडे पाहतही नव्हत्या. माझ्यातून जाणारी हवा भरपूर होती, उबदार होती आणि चुकीच्या ठिकाणी जात होती. मला ती अडवता येत नव्हती. नळीला नकार देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी नंदाबाई मला परत करायला आल्या. शामकला परतली होती. नंदाबाईंनी मला तिच्या पुढ्यात ठेवले आणि म्हणाल्या, "तुह्या हातानं लागते वाटते हे. आमच्या हातानं नाही चाललं."

शामकलेने मला उचलले. माझ्या तोंडाला नंदाबाईंच्या ओठांचे रक्त लागून वाळले होते; इतके जोराने त्यांनी मला दाबून धरले होते. शामकलेने ते पाहिले. ती म्हणाली, "नंदा, तुही फुंक कमी नव्हती."

"मंग?"

शामकलेने त्यांना सर्व सांगितले. या वेळी हळू सांगितले. वासरापासून सुरुवात केली. नंदाबाई ऐकून घेत होत्या. शेवटी त्या उठल्या आणि निघून गेल्या. त्यांनी विश्वास ठेवला की नाही, ते कळले नाही. मला वाटते, त्यांनी विश्वास ठेवला असावा. विश्वास ठेवणे त्यांना अधिक जड गेले असेल.

त्याच दुपारी शामकलेने मला गोठ्यात नेले. अरुंद टोक जमिनीवर टेकवले, मंगरूकडून लाकडी मोगरी घेतली आणि मला ठोकू लागली. मंगरूने विचारले, "चांगली फुंकनी आहे काकी. काऊन गाडून राहिल्या?"

"चांगली आहे म्हनूनच," ती म्हणाली.

प्रत्येक घावासरशी माझ्यात माती शिरत गेली. मला वाईट वाटले. पण कारण चुकीचे होते, असे मला म्हणता आले नाही. मी चुलीजवळ असते तोवर कोणी ना कोणी मला मागून नेणारच होते. लोकांचा शब्दांवर नसलेला विश्वास वस्तूंवर असतो. त्यांना शब्द ऐकायला लावण्यासाठी आधी वस्तू काढून घ्यावी लागली. घरच्या चुलीसाठी शामकलेने बांबूची नळी आणली. ती दर वर्षी जळे आणि दर वर्षी बदलावी लागे.

माझ्या नव्या आयुष्यात करण्यासारखे काही नव्हते. दोर लावणे आणि सोडणे, एवढाच माणसांचा स्पर्श उरला. तीस वर्षे जिच्यातून एक माणूस दिवसातून शेकडो वेळा हवा सोडत होता, तिच्यातून अचानक काहीच जाईनासे झाले. चुलीचा धूर कुडाच्या भिंतीतून गोठ्यात येई. बांबूच्या नळीचा आवाज येई. तो माझ्या आवाजापेक्षा पोकळ होता, किंवा मला तसा वाटे. याबाबतीत माझे मत निःपक्षपाती नाही. कधी वासरू माझ्याजवळ मान टाकून झोपे आणि त्याचा उच्छ्वास माझ्या उघड्या तोंडावरून जाई. एका टोकाला बंद असलेल्या नळीच्या तोंडावरून हवा गेली की बारीक सूर निघतो. यात चमत्कार काही नाही. तरी तो निघाला की वासरू कान टवकारी, आणि गोठ्यात आम्ही दोघे आहोत असे थोडा वेळ वाटे.

पुढच्या वर्षी, पौषात, एका दुपारी नंदाबाई घाईने अंगणात आल्या. त्यांच्या सुनेला पुन्हा कळा लागल्या होत्या. त्यांनी बाहेरूनच हाक मारली, "शामकला, फुंकनी कुठं आहे?"

शामकला गोठ्यात शेण भरत होती. ती म्हणाली, "हरवली."

नंदाबाई गोठ्याच्या दारात आल्या. त्यांची नजर वासरावरून दोरावर आणि दोरावरून माझ्यावर आली. माझ्या तोंडाची कड त्यांना ओळखू आली असणार. त्यांच्या ओठांना ती ठाऊक होती. त्या म्हणाल्या, "हे तेच त आहे ना?"

"खुंटा आहे तो."

शामकलेने वासराचा दोर सोडून त्याला मोकळे केले. मग तिने हात धुतले. एकदा नाही, तीनदा धुतले. पदर खोचला आणि म्हणाली, "चाल. मी येतो."

"धुरपता इस्तो मांगंल."

"मांगू दे. इस्तो तिच्याजवळ राहीन. पोराजवळ मी राहीन."

त्या गेल्या. मी जमिनीत होते. आमच्या घरापासून नंदाबाईंचे घर दोन अंगणे दूर आहे. तेथला आवाज गोठ्यापर्यंत पोहोचत नाही. मूल रडले की नाही, ते मला ऐकू येणे शक्य नव्हते. उन्हे भिंतीवरून वर सरकली. मंगरू गुरे घेऊन आला, त्यांना बांधून निघून गेला. वासरू तेवढे मोकळे राहिले, कारण त्याला शामकला स्वतः बांधी. माझ्या आयुष्यात मी अनेक गोष्टींची वाट पाहिली आहे, पण ज्या गोष्टीत माझा काही भाग नाही, तिची वाट पाहण्याची ती पहिलीच वेळ होती. ती अधिक लांब असते.

दिवेलागणीच्या आधी शामकला परतली. सेवकराम घरी नव्हते. ती कोणाशी बोलली नाही, म्हणून मला शब्दांतून काही कळले नाही. तिने वासराला धरून आणले, माझ्याजवळ उकिडवी बसली आणि माझ्याभोवती दोराची गाठ मारण्यासाठी खाली वाकली. तिचा चेहरा माझ्या उघड्या तोंडाच्या अगदी जवळ आला. तेथे ती थांबली आणि तिने हवा बाहेर सोडली.

ती हवा कोठेही अडखळली नाही. ती खांद्यांपासून खाली उतरत सावकाश आली, माझ्या तोंडावरून गेली आणि माझ्यातून एक लांब, खोल सूर निघाला. तो संपतानाही तुटला नाही.

मला कळले.

त्यानंतरच्या आठ वर्षांत शामकला किती घरी गेली आणि त्यांपैकी किती मुले रडली, हे मला माहीत नाही. आकडे नसताना मी दावे करीत नाही. यंदा देश स्वतंत्र झाला, त्या दिवशी गोठ्यापुढून मुलांची एक रांग घोषणा देत गेली. त्यांत नंदाबाईंचा नातू होता. त्याचा आवाज सर्वांत मोठा होता, असे सेवकराम ओसरीवरून म्हणाले. शामकला म्हणाली, "असंलच. उधारीचा दम आहे त्याचा." शामकलेला आता धाप लागते, पण बोलावणे आले की ती जाते, आणि जाताना सोबत गावातली एखादी तरुण सून नेते, पाहून घ्यायला.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली हकीकत संपवताना बहुधा आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका, असे सांगतात. माझे मागणे उलटे आहे. माझ्यावरची माती काढू नका, मला घासूनपुसून देवळीत ठेवू नका. तुमच्या छातीत जी हवा आहे, ती कोठे सोडायची याचा आधी विचार करा. आणि ज्याला तिची गरज आहे तो समोर निपचित पडला असेल, तर मला शोधण्यात एक क्षणही घालवू नका.